उत्तर: भारत-पाक आण्विक धाक, आणि मसुद्याचा जुना घोळ

तुमची अडचण फारच ओळखीची. भारत-पाकच्या आण्विक धाकावर (अण्वस्त्राच्या भीतीने समोरच्याला हल्ल्यापासून रोखणं) प्रबंध, त्यात तीन पानं अण्वस्त्रांच्या कोष्टकांची, आणि मार्गदर्शकांचा शेरा: 'धाक चालतो कसा, ते यातून कळत नाही.' शेरा कडू असला तरी बरोबर आहे. सिप्री या स्टॉकहोमच्या शांतता संशोधन संस्थेचा जानेवारी 2025 चा अंदाज भारत 180, पाकिस्तान 170 अण्वस्त्रं असा आहे. दोन्ही सरकारं आपला आकडा सांगत नाहीत, आणि दहाच्या फरकाने रावळपिंडीत (पाकिस्तानी लष्कराच्या मुख्यालयात) किंवा दिल्लीत कुणाचा निर्णय बदलणार नाही. एका ओळीत उरका.



खरं नुकसान होतं ते भारताच्या आण्विक धोरणाच्या जुन्या मसुद्यापायी. 17 ऑगस्ट 1999 ला जाहीर झाला तो राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मंडळाचा मसुदा होता. अधिकृत धोरण म्हणजे 4 जानेवारी 2003 चं, मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीचं छोटंसं प्रसिद्धिपत्रक. एका संस्थेने (नाव घेत नाही) मसुदाच 'भारताचे आण्विक धोरण' म्हणून संकेतस्थळावर चढवून ठेवला होता. कळवलं तर 'संबंधित विभागाकडे पाठवले आहे' हे ठरलेलं उत्तर, आणि पान जसंच्या तसं! त्यावरून उतरवलेले किती निबंध फिरत असतील, देव जाणे.

फरक किरकोळ नाही. 2003 च्या पत्रकात 'प्रथम वापर नाही' हे आहेच, पण भारतावर किंवा कुठेही असलेल्या भारतीय सैन्यावर मोठा जैविक वा रासायनिक हल्ला झाला तर अण्वस्त्राने उत्तर देण्याचा पर्याय राखून ठेवला आहे. मसुद्यात हा अपवाद नाही. दुसरं, पहिल्या आण्विक हल्ल्याला प्रत्युत्तर प्रचंड असेल असं 2003 च्या पत्रकात स्पष्ट म्हटलंय. आता समोर पाकिस्तानचं नस्र क्षेपणास्त्र ठेवा: 2011 मध्ये पहिली चाचणी, तेव्हाचा पल्ला 60 किलोमीटर, उद्देश पाकिस्तानी हद्दीत घुसणारे भारतीय रणगाडे रोखणं. म्हणजे त्यांच्याच जमिनीवर, एखाद्या भारतीय तुकडीवर छोटं अण्वस्त्र पडलं तर भारत खरंच प्रचंड प्रत्युत्तर देईल का? पाकिस्तानला ते कितपत खरं वाटतं? प्रबंधाचं मुख्य प्रकरण इथे आहे. मला विचाराल तर ही धमकी जितकी मोठी, तितकी ती पटायला जड. पण हे माझं मत, मार्गदर्शकांचं वेगळं असू शकतं.

भारत-पाक करारांबद्दल लिहिताना प्रत्येकात काय बसत नाही ते आधी पाहा. 1988 चा करार अणुप्रकल्पांवर हल्ला न करण्याचा. 1992 पासून दर 1 जानेवारीला या प्रकल्पांच्या याद्या दिल्या-घेतल्या जातात, 2002 मध्ये सैन्य सीमेवर उभं असतानाही दिल्या गेल्या. पण दिलेली यादी पूर्ण आहे की नाही हे तपासायची सोय करारात नाही. 2005 चा करार क्षेपणास्त्र चाचणीची किमान तीन दिवस आधी सूचना द्यायला लावतो, तोही फक्त जमिनीवरून किंवा समुद्रातून डागलेल्या, पृष्ठभागावर मारा करणाऱ्या बॅलिस्टिक (उंच कमानीत जाऊन पडणाऱ्या) क्षेपणास्त्रांसाठी. क्रूझ (विमानासारखी उडत जाणारी) त्यात नाहीत. 9 मार्च 2022 ला चुकून सुटलेलं भारतीय क्रूझ क्षेपणास्त्र पाकिस्तानातल्या मियां चन्नूजवळ पडलं, तेव्हा ही फट उघडी पडली. अपघात होता, त्यामुळे पूर्वसूचनेचा प्रश्नच नव्हता. तरीही दोन दिवसांनी जाहीर कबुली येईपर्यंत समोरच्याने काय समजायचं होतं?

आंतरराष्ट्रीय प्रयत्नांच्या प्रकरणात सगळे करार कोंबू नका. बॉम्बसाठीच्या विखंडनक्षम पदार्थांचं (प्लुटोनियम, समृद्ध युरेनियम) उत्पादन थांबवण्याचा प्रस्तावित करार पुरेसा आहे. 1995 मध्ये जिनिव्हातल्या निःशस्त्रीकरण परिषदेत वाटाघाटींचा आराखडा ठरला, पण तिथे एकमताशिवाय पान हलत नाही. आधीचे साठेही त्यात धरा, हा पाकिस्तानचा आग्रह आणि 2009 पासूनची अडवणूक. भारताचा साठा पाहता ही भूमिका समजते. मात्र 'पाकिस्तानमुळेच अडलं' असं लिहून मोकळे होऊ नका, आपले साठे मोजायला द्यायला भारतही तयार नाही.

जाता जाता: आयएईए या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा एका बॉम्बमागे 8 किलो प्लुटोनियमचा आकडा घेऊन, त्याने साठ्याला भागून बॉम्ब मोजू नका. तो देखरेखीसाठी ठरवलेला आहे, बनवताना वाया जाणारा मालही त्यात धरलाय. नागासाकीच्या बॉम्बमध्ये सुमारे 6 किलोच होतं.