राजीनामा देऊन लिंका विकू का?

गेली काही वर्षं समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या तिशी-चाळिशीतल्या माणसांच्या तोंडी एक प्रश्न हमखास असतो. नोकरीत जीव रमत नाही, सकाळी उठवत नाही. ऑनलाइन वस्तूंच्या लिंका टाकल्या की कमिशन मिळतं म्हणतात, मग राजीनामा देऊन तेच करू का? अफिलिएट मार्केटिंग हा शब्द आता आमच्या इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या आज्यांनाही पाठ झालाय, कारण कुणाचा ना कुणाचा नातू ते 'करून राहिलाय'. या प्रश्नाला हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर मी देत नाही. एका गृहस्थाची हकिगत सांगते. त्याच्या परवानगीनेच, ओळख पटेल असे तपशील बदलून. तीन भावांतला तो मधला, म्हणून इथे त्याला मधलाच म्हणू.

मधला विजयनगरच्या बाजूला एका खाजगी बँकेत रिलेशनशिप मॅनेजर. वय ३८. बायकोने ढकलून पाठवलेला. रविवारी सकाळी आला, येताना पोहे-जिलबीचा पुडा घेऊन आला, पण स्वतः एक घास खाल्ला नाही. इंदूरचा माणूस रविवारी सकाळी पोह्यांना नको म्हणतो, तेव्हा मी वहीत नोंद करते.

बसल्याबसल्या त्याने पिशवीतून रजिस्टर काढलं. स्वतःबद्दल एक अक्षर नाही, सरळ हिशेब. रोज चाळीस विक्र्या, प्रत्येकी साठ रुपये, महिन्याचे बहात्तर हजार. खाली दोन रेघा ओढून राजीनाम्याची तारीख. ३५ हजारांचा ऑनलाइन कोर्स हप्त्यांवर घेऊन झाला होता.

"कोर्समध्ये काय शिकवलं?"

"ताई, शेवटचा धडा हा, की हाच कोर्स पुढे विका. अर्धं कमिशन आपलं."

"विकलात?"

"दोघांना. एक मावसभाऊ आहे." एवढं बोलून तो खिडकीबाहेर बघत राहिला.

तो मावसभाऊ मी तेव्हाच धरायला हवा होता. धरला नाही. रात्री साडेअकरापर्यंत फोन, सुट्टीच्या दिवशीही टार्गेटचे मेसेज, चार तासांची झोप, हे ऐकून मी त्याला अतिकामाच्या खान्यात टाकून मोकळी झाले. झोपेची वेळ ठरवा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, संध्याकाळी पिपल्यापाल्याच्या बागेत फिरायला जा. एक काम तेवढं नीट केलं. जीव नकोसा होतो का, असं आडवळण न घेता विचारलं. नाही म्हणाला, तरी सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच्या फोनमध्ये घालून दिला, आणि रक्त तपासायला डॉक्टरांकडे पाठवलं. थकवा म्हणून आलेल्यांत थायरॉइड, साखर, बी-१२ यांतलं काहीतरी निघतंच असं नाही, पण निघालं तर माझी सगळी बडबड फुकट जाते. याचं बी-१२ कमी निघालं. गोळ्या सुरू झाल्या, झोप थोडी सुधारली, आणि तिसऱ्या भेटीला तो आधीपेक्षा वाईट दिसत होता.

बर्नआउट हा शब्द आपल्याकडे हल्ली 'फार काम झालं' एवढ्याच अर्थाने वापरतात. १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने तो आपल्या शास्त्रात आणला तो न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात सेवा करणाऱ्यांना बघून, आणि त्यांत तो स्वतःही होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली त्याची जी व्याख्या मान्य केली, तीत तो आजार नाही, नोकरीतून उद्भवणारी अवस्था आहे, आणि तिची अंगं तीन: गळून जाणं, कामाबद्दल मनात कडवटपणा साचणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. पहिल्याला विश्रांती पुरते. उरलेल्या दोघांना ती पुरत नाही, हे मला पाठ असूनही मी पहिल्यावरच थांबले होते.

म्हणून तिसऱ्या भेटीत कागदावर सहा खाने आखले. क्रिस्टिना मास्लाक आणि मायकेल लायटर यांची ही मांडणी: कामाचा बोजा, कामावरचा ताबा, मोबदला, सोबतची माणसं, न्याय आणि मूल्यं. यांतल्या कुठल्या खान्यात माणूस आणि त्याची नोकरी यांची फारकत झाली, ते बघायचं. मधल्याने, कितपत जुळतं या हिशेबाने, बोजाला दहापैकी पाच दिले. मोबदल्याला तीन. शेवटच्या खान्यापाशी पेन थांबलं. मग तिथे आकडा न लिहिता त्याने एका बाईंची गोष्ट सांगितली.

रामबागेतल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. याचं आजोळ त्याच वाड्यातलं, लहानपणी त्यांच्या ओसरीवर खेळलेला. चार लाखांची एफडी पुन्हा करायला म्हणून बँकेत आल्या. मार्च अखेर होती, शाखेचं विम्याचं टार्गेट अडलेलं. याने दोन लाख एका पॉलिसीत वळवले. सह्या कुठे करायच्या तिथे पेन्सिलीने फुल्या मारून दिल्या. दरवर्षी तेवढेच भरायचे असतात हे तो बोलला होता, पण भराभर, मधल्या कुठल्यातरी वाक्यात. त्यांनी ते एकदाच भरायचे असं धरलं. पुढल्या मार्चमध्ये हप्त्याची चिठ्ठी घेऊन त्या शाखेत आल्या. आवाज चढवला नाही. खुर्चीत बसून पदराने चष्मा पुसत एवढंच म्हणाल्या, "अरे, तू होतास ना, म्हणून मी वाचलं नाही."

दुसऱ्या दिवसापासून मधला शाखेसमोर गाडी लावायचा आणि वीस-वीस मिनिटं आतच बसून राहायचा. इंजिन बंद, काचा वर, मे महिना.

मी बराच वेळ काही विचारलं नाही. मग रजिस्टर मागून घेतलं आणि म्हटलं, आता हे त्याच सहा खान्यांत बसवून बघू. त्याला हे अपेक्षित नव्हतं. कोर्सवाल्यांनी त्याला स्वातंत्र्य सांगितलं होतं, आणि स्वातंत्र्याला कुणी खाने पाडत नाही.

आधी मोबदला. सातशे रुपयांची वस्तू, पाच टक्के कमिशन धरलं तर पस्तीस रुपये. त्याच्या हातात येणारा पगार ६२ हजार. म्हणजे महिन्याला जवळपास १,७७० विक्र्या. शंभर जणांनी लिंक दाबली की दोघे घेतात असं उदार मनाने धरलं, तर साधारण ८८ हजार क्लिक. "इतकी माणसं कुठून आणणार?" तो म्हणाला, पहिले मित्र, नातेवाईक. बँकेतही पहिली यादी तीच काढायला लावतात, हे त्याचं त्यालाच आठवलं आणि तो ओशाळून हसला.

मग ताबा. अमेझॉनने आपली अफिलिएट योजना १९९६ मध्ये सुरू केली. आज याची रीत जी आहे ती बरीचशी तिथून आली. लिंक दाबल्यापासून चोवीस तासांच्या आत गिऱ्हाइकाने वस्तू टोपलीत टाकली तर कमिशन तुमचं, नंतर आठवण झाली तर नाही. नवीन खात्यावर १८० दिवसांत तीन विक्र्या झाल्या पाहिजेत, नाहीतर खातं बंद. स्वतःच्या लिंकवरून स्वतः घेतलेली वस्तू धरत नाहीत. आणि दर कंपनी ठरवते. एप्रिल २०२० मध्ये, ऐन लॉकडाउनमध्ये, अमेरिकेत फर्निचरवरचं कमिशन आठ टक्क्यांवरून तीनवर आलं, किराण्याचं पाचावरून एकावर, आणि सूचना आठवडाभर आधी. मी अमेझॉनला नावं ठेवत नाही, त्यांचा धंदा आहे. पण साहेब नसलेली नोकरी म्हणून जी गोष्ट विकली जाते, तिथला साहेब फक्त दिसत नाही, एवढं समजून उतरावं.

सोबतीच्या खान्यात त्याने स्वतःच शून्य लिहिलं. खोलीत एकटा, फोन आणि कमाईचे आकडे दाखवणारा डॅशबोर्ड.

मूल्यांचा खाना मी त्याला विचारला नाही. तोच म्हणाला, "ताई, मावसभावाला विकलं ना, तेव्हा छातीत तसंच झालं. काकू समोर बसल्या होत्या तसं."

त्या कागदाची घडी घालून त्याने खिशात ठेवली. राजीनाम्याची तारीख खोडायला मी सांगितलं नव्हतं. त्याने पुढची भेट ठरवताना ती खोडली. घराचा २७ हजारांचा हप्ता हेही त्याला एक कारण होतंच, उगाच मोठेपणा कशाला देऊ.

त्याची २३ दिवसांची रजा साठलेली होती. बारा दिवस घेतली. अट एकच घातली: या दिवसांत कमाईचा कुठलाही नवा उद्योग नाही. विझत आलेल्या माणसाला नवा धंदा सुरू करायला लावणं म्हणजे ताप उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी लग्नात वाढायला उभं करणं. पहिले चार दिवस तो झोपला. पाचव्या दिवशी बायकोचा मला फोन, "ताई, हे सकाळपासून गच्चीवर आहेत, काळजी करू का?"

गच्चीवर त्याचं जुनं वेड पडून होतं. इंदुरात ओला-सुका कचरा वेगळा करणं आता घराघरात अंगवळणी पडलंय; गाडीचं गाणं वाजलं की सगळी गल्ली बादल्या घेऊन दारात. मधला त्यातला ओला कचरा गाडीत न टाकता गच्चीवर जिरवायचा, बढती होईपर्यंत. रजेनंतरच्या भेटीला त्याने माझ्या टेबलावर प्लास्टिकची पिशवी ठेवली. त्यात काळंभोर, भुसभुशीत खत. "वास घ्या," म्हणाला. पावसाच्या पहिल्या सरीनंतर अंगणाला येतो तो वास. मग अर्धा तास तो बोलत होता: ओल्यावर सुक्याचा थर कसा द्यायचा, आंबूस वास आला तर पाणी जास्त झालंय आणि वाळका पाला घालायचा, लिंबाच्या साली बेताने. महिन्याभरात पहिल्यांदा मी त्याला हातवारे करताना बघत होते.

अफिलिएटचं तिथून सुरू झालं, आणि मी अडवलं नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी, एक-एक तास, गच्चीवरच्या खतावर आणि कुंड्यांवर मराठीत आणि हिंदीत छोटे व्हिडिओ. डॅशबोर्ड रविवारीच उघडायचा, हे त्याने स्वतःला घालून घेतलं; दोनदा मोडलं, कबूलही केलं. प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला सांगायचं, की या लिंकवरून घेतलंत तर मला कमिशन मिळतं. आपल्या ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मध्ये ठेवलेली अपेक्षाही हीच आहे: जाहिरातदाराशी हितसंबंध असतील तर समजेल अशा भाषेत, दिसेल अशा जागी सांगा. बहुतेकांना हे जाचक वाटतं. याला वाक्य म्हणताना सुटल्यासारखं झालं. "बँकेत हे एकदाही तोंडाने म्हटलं नव्हतं ताई."

पण खरा फरक मला दिसला तो त्याच्या तिसऱ्या व्हिडिओत. कंपोस्टच्या तयार डब्यांची लिंक होती, दोन हजारांच्या पुढचे डबे, कमिशन बरं. त्यात हा पठ्ठ्या सांगतो: घरी तडा गेलेला माठ असेल तर हा डबा घेऊ नका; माठाला बाजूने भोकं पाडा, खाली वीट ठेवा, झालं. दहा वर्षं विक्रीत असलेल्या माणसाच्या तोंडून 'घेऊ नका' मी पहिल्यांदा ऐकलं. त्यानेही बहुधा पहिल्यांदाच.

सहा महिन्यांत किती मिळाले? विचाराल म्हणून सांगते, २,३१६ रुपये. खातं टिकलं, तिसरी विक्री १५१ व्या दिवशी झाली. बायकोने हौसेने त्याच्या लिंकवरून मागवलेली कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या भुशाची, वीट धरली गेली नाही, त्यावरून घरात दोन दिवस चेष्टा. कोर्सचे हप्ते अजून चालू आहेत. मावसभावाला कोर्स विकून मिळालेलं कमिशन त्याने पाकिटात घालून परत केलं, मावसभावाने ते घेतलं आणि बोलणं मात्र अजून तुटक आहे.

नोकरी त्याने सोडली नाही, पण विक्रीतून काढून ऑपरेशन्सला टाका असा अर्ज दिला. पहिल्यांदा फेटाळला. पाच महिन्यांनी जागा झाली. लॉकर, क्लिअरिंग, कागद. इन्सेंटिव्ह गेला, म्हणून मुलाची तबल्याची शिकवणी तेवढी ठेवून बाकी काटकसर. बायको सुरुवातीला चिडली होती आणि ते रास्त होतं. एक पूर्ण बैठक मी तिच्याबरोबर केली, ती इथे सांगत नाही.

रामबागेतल्या काकूंकडे तो स्वतः गेला. आधी विमा कंपनीकडे तक्रार लिहून दिली, महिन्यात समाधानकारक उत्तर आलं नाही म्हणून भोपाळच्या विमा लोकपालांकडे. त्याला फी लागत नाही, वकील लागत नाही. अर्जात आपण काय बोललो आणि काय भराभर बोललो, ते याने स्वतःच्या सहीने लिहिलं. नोकरीवर बेतू शकतं, हे मी त्याला दोन वेळा बजावलं होतं. निकाल अजून लागायचाय. काकूंच्या ओसरीवर मात्र आता भोकं पाडलेला माठ आहे.

मागच्या महिन्यात मी त्याला मेसेज केला. खोलीच्या खिडकीत चार कुंड्या ठेवल्यात, छाटणीची चांगली कात्री कुठली, लिंक पाठवा. म्हटलं, तेवढंच कमिशन. तासाभराने उत्तर आलं: "ताई, चार कुंड्यांना स्वयंपाकघरातली कात्री पुरते. वापरून झाली की पुसून ठेवा."