घरी आलो, तरी घरात नाही

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत सॉफ्टवेअरमध्ये काम करणारी मंडळी येतात, तेव्हा शब्द वेगळे असले तरी प्रश्न बहुतेक एकच असतो. "मॅडम, कामातून डोकंच वर निघेना झालंय. घरच्यांना वेळ देता येत नाही. नोकरी सोडली तर सुटेन का यातून?"

२०२०च्या लॉकडाउनमध्ये पुण्याहून, बेंगळुरूहून लॅपटॉप घेऊन कोल्हापूरला परतलेली बरीच मुलं इथंच राहिली. पगार पुण्याचा, जेवण आईच्या हातचं आणि संध्याकाळी रंकाळा, असं चित्र प्रत्येकाच्या डोळ्यांपुढं होतं. त्यातल्याच एकाची ही हकिकत. लिहायला त्याची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नोव्हेंबरचा तिसरा आठवडा होता. वेळ त्याच्या बायकोनं घेतली होती. तो छत्तीस वर्षांचा, पुण्यातल्या एका कंपनीत टेक लीड, म्हणजे तांत्रिक टीमचा प्रमुख. क्लायंट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा. खुर्चीत बसल्या बसल्या त्यानं फोन टेबलावर पालथा ठेवला. दोन मिनिटांत सुलटा केला, पाहिला, पुन्हा पालथा केला. तासाभरात हे किती वेळा झालं ते मी मोजलं नाही, पण बायको ते मोजत असावी. तिची नजर त्या फोनवरून हलत नव्हती.

"किरणोत्सवाला गेलो होतो मॅडम," ती म्हणाली. "तिसऱ्या दिवशी."

कोल्हापूरकरांना सांगायला नको. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत पोचतात. पहिल्या दिवशी चरणांवर, मग वर सरकत तिसऱ्या दिवशी मुखावर. सगळा खेळ काही मिनिटांचा. पावणेसहाच्या सुमाराला गर्दी एकदम शांत झाली, सगळ्यांच्या माना वर झाल्या आणि याच्या खिशात फोन थरथरला.

"किरणं आली आणि हे बाहेर गेले. परत आले तेव्हा आरती चालू होती. पोरगी विचारायली, पप्पा तुम्ही बघितलं का? हे म्हणाले, हो बघितलं की."

तो खाली मान घालून बसला होता. "खोटं बोललो तिच्याशी," एवढंच म्हणाला.

माझी पहिली चूक इथं झाली आणि ती सांगितलीच पाहिजे, कारण हीच चूक घरोघरी होते. मी त्याला वेळापत्रक करून दिलं. सकाळी दहाला पुण्याच्या टीमची रोजची छोटी मीटिंग, रात्री आठला अमेरिकेचा कॉल, मधले दुपारी साडेचार ते साडेसहा कुटुंबासाठी. कागदावर सुंदर दिसत होतं. दहा दिवसांनी तो आला तो आणखी ओढलेला. त्या दोन तासांत तो मुलीला घेऊन बागेत जायचा आणि बाकड्यावर बसून फोन बघायचा. आधी फक्त कामाची काळजी होती, आता वेळापत्रक मोडल्याचा अपराधीपणाही डोक्यावर बसला. माझा कागद म्हणजे त्याच्यासाठी आणखी एक डेडलाइन झाली होती.

मग मी त्याला साधी वही दिली. संध्याकाळी सातनंतर आणि सुट्टीच्या दिवशी हात फोनकडं गेला की तीन गोष्टी लिहायच्या: किती वाजले, कुणी बोलावलं होतं आणि त्या क्षणी मनात काय आलं. फोन बघायचा नाही, असं सांगितलं नाही. बघायचा, आणि लिहायचं.

आठवड्यानं वही उघडली. मधल्या रकान्यात ओळीनं एकच शब्द होता: "कोणी नाही." "कोणी नाही." "कोणी नाही." खरोखर कुणी बोलावलं होतं अशा नोंदी दोनच, त्यातली एक दुसऱ्या दिवशी सकाळी चालली असती. तिसरा रकाना मात्र भरलेला होता. "ऑफलाइन दिसतोय का मी." "सर म्हणतील, गावाला जाऊन निवांत झाला." "कपातीच्या पुढच्या यादीत माझं नाव आलं तर."

ती वाचताना तो स्वतःच गप्प झाला. मग हळूहळू बाहेर आलं. कंपनीनं सगळ्यांना पुन्हा ऑफिसला बोलावलं, तेव्हा याच्या वडिलांची बायपास नुकतीच झाली होती. मॅनेजरनं वर शब्द टाकला आणि याला कोल्हापुरातच राहू दिलं. टीममध्ये अशी सवलत एकट्याला. तेव्हापासून तो ते उपकार फेडत होता. चॅटमध्ये नावापुढं जो हिरवा ठिपका असतो, तो काही मिनिटं माऊसला हात लागला नाही की पिवळा होतो. तो पिवळा होऊ नये यासाठी या घरात काय काय चालायचं, ते त्याच्या बायकोनं सांगितलं. सहा वर्षांची मुलगी सकाळी बापाला म्हणायची, "पप्पा, तुम्ही जावा आंघोळीला, मी हलवतो माऊस." आणि खरंच टेबलाशी उभी राहून हलवत बसायची.

हे ऐकल्यावर माझ्या पोटात कालवलं. हा माणूस कोल्हापुरात राहायचं भाडं भरत होता. पैशात नाही, जागत्या तासांत. कुणी मागितलेलं नव्हतं, किती भरायचं हे ठरलेलं नव्हतं, म्हणून ते कधी फिटतही नव्हतं. असं देणं डोक्यावर असताना माणसाला मोकळा वेळ दिला, तर तो वेळसुद्धा देण्यातच जमा करतो. माझं वेळापत्रक का पडलं, ते तेव्हा कळलं.

म्हणून आता कुणीही काम आणि घर यांच्या समतोलाचा प्रश्न घेऊन आलं की तास मोजायच्या आधी मी हे विचारते: जास्तीचं काम करून तुम्ही कुणाचं काय फेडताय? उत्तरं फार वेगवेगळी येतात. कुणी साध्या कॉलेजातून शिकल्याची भरपाई करत असतं, कुणी बाळंतपणाच्या रजेची. कुणाला कपातीची भीती असते, आणि ती भीती उगाच नसते, या धंद्यात गेल्या काही वर्षांत ती सगळ्यांनी जवळून पाहिली आहे. पण भीती खरी असली, तरी रात्री अकराला ठिपका हिरवा ठेवल्यानं ती टळते का, हा वेगळा प्रश्न आहे. तो वेगळा करून विचारावा लागतो.

पुढच्या भेटीला त्याचे वडील आले. स्वतःहून. शाहू मिलमध्ये उमेदीची वर्षं घातलेले. छत्रपती शाहू महाराजांनी १९०६ साली सुरू केलेली ही मिल. तिच्या भोंग्यावर अर्धं कोल्हापूर घड्याळ लावायचं. म्हणाले, "आमचं काय हलकं काम नव्हतं बाई. उभ्यानं पाळी. पण भोंगा झाला की झालं. मुकादम सुद्धा पुढं बोलायचा न्हाई. ह्याचा भोंगाच वाजत न्हाई कधी." मग थोडं थांबून, मुलाकडं न बघता म्हणाले, "माझ्या ऑपरेशनपायी ह्यो अडकला, असं मला वाटतंय." मुलानं पहिल्यांदा मान वर केली. बापलेक एका घरात राहत होते आणि दोघेही एकमेकांचं देणं मनात वागवत होते. त्या दिवशी मी जवळजवळ काही बोलले नाही.

यानंतरचं काम तसं सरळ होतं. अवघड होतं ते मॅनेजरला विचारणं. आम्ही दोघांनी मिळून पाच ओळींचा ईमेल लिहिला. आभार एका ओळीत. मग थेट प्रश्न: माझ्याकडून कोणत्या वेळात उत्तराची अपेक्षा आहे? रात्री आलेल्या मेसेजला सकाळी उत्तर दिलं तर चालेल का? खरोखरची अडचण असेल, तर मेसेजऐवजी फोन करावा, मी उचलेन. तयार ईमेल पाठवायला त्याला नऊ दिवस लागले. उत्तर वीस मिनिटांत आलं. मॅनेजरनं लिहिलं होतं की रात्रीचे मेसेज मी विसरू नये म्हणून टाकून ठेवतो, तू लगेच उत्तर देतोस म्हणून मला वाटलं तुला रात्रीच काम करायला आवडतं.

सगळ्यांचे मॅनेजर असे नसतात, हे मी नीट जाणून आहे. त्याच महिन्यात एक मुलगी यायची, तिला याच प्रश्नावर "मग दुसरीकडं बघा" असं तोंडावर ऐकवलं गेलं. तिच्या बाबतीत समुपदेशनानं सुटण्यासारखं काही नव्हतं. आम्ही बचतीचा हिशेब मांडला, रिझ्युमे नीट केला आणि चार महिन्यांनी तिनं नोकरी बदलली. जिथं पिळवणूक आहे, तिथं माणसाला श्वासाचे व्यायाम शिकवून परत पाठवणं मला पटत नाही. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क २०१७ पासून कायद्यात आहे. आपल्याकडं सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. तोपर्यंत लेखी विचारून घेणं, एवढंच हत्यार हातात आहे.

त्यानं मला एकदा विचारलं, किती तास म्हणजे जास्त? जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०२१ मध्ये एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला. वडिलांची बायपास झालेल्या मुलाला याहून जास्त सांगावं लागलं नाही.

घड्याळाचंही एक होतं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागं जातात. तिकडचा सकाळी साडेनऊचा कॉल उन्हाळ्यात आपल्याकडं संध्याकाळी सातला असतो, तो हिवाळ्यात आठला होतो. आठ ते नऊ ही नेमकी मुलीची जेवून झोपायची वेळ. चार वर्षं दर हिवाळ्यात हा तास जात होता आणि तो हलवता येईल, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. त्यानं विचारलं. पाचांपैकी दोन दिवस त्यांनी कॉल तासभर अलीकडं घेतला, बाकीचे तीन तसेच राहिले. त्या दोन रात्री मुलीला तो झोपवतो.

बायको शाळेत शिक्षिका. स्वतःची नोकरी करून संध्याकाळचा अख्खा गाडा ती एकटी ओढत होती. समतोलाची चर्चा नवऱ्याच्या थकव्यावर सुरू होते आणि तिथंच संपते, हे मी फार पाहिलंय. म्हणून साडेचार ते साडेसहा हे दोन तास या वेळी "कुटुंबासाठी" असे मोघम ठेवले नाहीत. मुलीला शाळेतून आणणं, तिचा अभ्यास आणि रात्रीची भाजी, ही कामं त्याची. त्या वेळात बायकोनं काय करायचं, हे तिला कुणी विचारायचं नाही.

काम बंद करताना डोकं चालूच राहायचं, त्यावर एक छोटी गोष्ट उपयोगी पडली. लॅपटॉप मिटण्याआधी कागदावर उद्याचं पहिलं काम लिहायचं, तेही नेमकं: "पेमेंटच्या कोडमधली अमुक टेस्ट पडतेय, तिथून सुरुवात." अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात २०१८ मध्ये ५७ तरुणांवर केलेल्या एका प्रयोगात, झोपण्याआधी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. अर्धवट राहिलेलं काम मनाला टोचत राहतं. ते कागदावर ठेवलं की मन त्याची राखण सोडतं. आता त्यानं कागद लिहून लॅपटॉप मिटला की वडील बाहेरच्या खोलीतून ओरडतात, "भोंगा झाला काय रे?"

हे वाचणाऱ्या कुणाला दोन-दोन आठवडे झोप नसेल, छातीत धडधडत असेल, जगणंच नको वाटत असेल, तर वह्या आणि कागद बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना भेटा. टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं.

मार्चमध्ये तो पुन्हा आला, मला हकिकत सांगायला. कॉलेजच्या दिवसांत तो पेठेच्या संघातून फुटबॉल खेळलेला. घर शाहू स्टेडियमच्या जवळ, इतकं की गोल झाला की गच्चीपर्यंत गलका येतो. इतकी वर्षं सामना असला की तो खिडकी लावून माईक म्युट करायचा, कॉलवर आवाज जाऊ नये म्हणून. या हंगामात पहिल्यांदा वडील आणि मुलीला घेऊन गॅलरीत बसला होता. तो आठवडा त्याच्या ऑन-कॉलचा होता, म्हणजे तातडीची अडचण आली तर धावायची पाळी त्याची, म्हणून फोन खिशात होता. हाफ टाइमच्या आधी तो वाजला. मेसेज नव्हता, फोनच होता.

"गेलो मॅडम. जायलाच लागणार होतं. सर्व्हर खरंच पडला होता. पोरीला सांगितलं, काम आलंय, जाऊन येतो. ती म्हणाली, जावा, मी स्कोअर बघून ठेवतो."

"मग?"

"पंचवीस मिनिटं लागली. पूर्वी असतो तर तसाच बसलो असतो, आणखी काय राहिलंय का बघत. लॅपटॉप मिटला आणि पळत आलो. सेकंड हाफ चालू होता."