बेकिंगचे प्रश्न: हे मिळालं नाही तर काय घालू?

या वेळच्या बहुतेक प्रश्नांत अडचण एकच आहे: कृतीत लिहिलेला जिन्नस हाताशी नाही. उत्तरांत कप २४० मिलीचा, टेबलस्पून १५ मिलीचा, टीस्पून ५ मिलीचा धरला आहे. सगळी मापं सपाट.

प्रश्न: चॉकलेट केकच्या कृतीत साधा कोको होता. मला डच प्रोसेस कोको मिळाला, तो तेवढाच घातला. केक बसला आणि चव साबणासारखी लागली. कोको खराब होता का?

कोको चांगलाच होता, बिघडलं ते सोड्याचं गणित. साधा कोको आंबट असतो, त्याचा पीएच साधारण ५ ते ६. बेकिंग सोड्याला फसफसायला आम्ल लागतं आणि तुमच्या कृतीत ते कोकोतूनच मिळणार होतं. डच कोकोवर अल्कलीची प्रक्रिया केलेली असते. त्याचा पीएच ७ च्या आसपास किंवा त्याहून वर जातो, म्हणून रंग गडद, चव सौम्य आणि आंबटपणा गेलेला. सोड्याला जोडीदारच उरला नाही. मग ओव्हनच्या उष्णतेने थोडासा वायू सुटतो आणि मागे राहतो तो चक्क धुण्याचा सोडा. साबणासारखी चव त्याचीच.

पुढच्या वेळी आधी कृतीत दुसरं काही आंबट आहे का ते पाहा. दही किंवा ताक बऱ्यापैकी असेल तर डच कोको तसाच चालेल. काहीच नसेल तर सोडा काढून टाका आणि त्याच्या तिप्पट बेकिंग पावडर घाला, म्हणजे अर्धा टीस्पून सोड्याऐवजी दीड टीस्पून पावडर. अडचण उलटी असेल, कृती डच कोकोची आणि घरात साधा, तर दर ३ टेबलस्पून कोकोमागे पाव टीस्पूनच्या निम्मा सोडा पुरतो. केक थोडा फिका दिसेल, पण फुलेल. सोडा किंवा पावडर अजिबात नसलेल्या ब्राउनीत मात्र कुठलाही कोको बिनधास्त वापरा.

डब्यावर नुसतं ‘कोको’ लिहिलेलं असेल तर घटकांच्या यादीत ५०० किंवा ५०१ हे आकडे शोधा. ते अल्कलीचे आहेत.

प्रश्न: ४ अंड्यांच्या स्पंज केकमध्ये अंड्यांऐवजी जवसाची पूड भिजवून घातली. केक आतून ओला, गच्च आणि चिकट झाला. जवसाचं प्रमाण चुकलं का?

प्रमाण नव्हे, जागा चुकली. अंडं केकमध्ये बांधून धरतं, पाणी देतं आणि फेटल्यावर हवा धरून ठेवतं. यातली पहिली दोन कामं जवस करतो, तिसरं त्याला जमत नाही. स्पंज तर उभाच राहतो अंड्याच्या फेसावर. तिथे ४ अंड्यांच्या जागी ४ टेबलस्पून जवस घातला तर हाती लागतो तो बुळबुळीत लगदा. अशा वेळी अंड्यांशिवायचीच म्हणून लिहिलेली कृती घ्यावी, हे आमचं स्पष्ट मत.

एक-दोन अंड्यांचा साधा केक, मफिन किंवा कुकीज असतील तर जवस उत्तम. एका अंड्यासाठी १ टेबलस्पून बारीक पूड आणि ३ टेबलस्पून पाणी, १५ मिनिटं झाकून ठेवा. चमचा उचलल्यावर मिश्रण सुटं न पडता तार धरून हळू खाली आलं की ते तयार. पूड जाडीभरडी असेल तर ही तार सुटत नाही, पुन्हा दळा. मऊ केक हवा असेल तर जवसाऐवजी एका अंड्यामागे पाव कप घट्ट दही घालून बघा.

मरँगसारखं नुसत्या पांढऱ्या बलकाचं काम असेल तर काबुली चणे शिजवलेलं बिनमिठाचं पाणी घ्या. २ टेबलस्पून म्हणजे एका अंड्याचा पांढरा बलक. पाणी पातळ असेल तर आधी आटवा. बोटांना किंचित चिकट लागलं पाहिजे. फेटायला अंड्यापेक्षा जास्त वेळ लागतो. हा फेस उष्णतेने अंड्यासारखा घट्ट बसत नाही, म्हणून मरँग १०० अंशांच्या आसपास सावकाश वाळवावं लागतं. स्पंजला तो याच कारणाने दगा देतो.

प्रश्न: केकचा खास मैदा नाही. साधा चालेल?

चालेल. एक कप मैद्यातून २ टेबलस्पून काढा, तेवढाच कॉर्नफ्लोअर घाला आणि दोनदा चाळा. त्यामुळे ग्लूटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन, कमी होतं. पावासाठी हे करू नका, तिथे ग्लूटेन हवंच असतं.

प्रश्न: कृतीत बटरमिल्क आहे. दूध घातलं तर?

नुसतं दूध नको. सोड्याला लागणारं आम्ल त्यात नाही. कपात १ टेबलस्पून लिंबाचा रस घाला, वर कप भरेपर्यंत दूध ओता आणि १० मिनिटं थांबा. हे मूळ बटरमिल्कपेक्षा पातळ राहतं. मिश्रण दाट हवं असेल तर पाऊण कप दह्यात पाव कप पाणी फेटून घ्या. पाणीदार ताक घातलं तर केक चिकट होतो.

प्रश्न: २५ टक्के फॅटचं क्रीम कितीही फेटलं तरी उभं राहत नाही. त्यात बटर वितळवून घालू का?

फेटायला क्रीममध्ये किमान ३० टक्के फॅट लागतं, ३५ असेल तर काम सोपं. फॅटचे गार कण बुडबुड्यांभोवती एकमेकांना धरतात, तेव्हा क्रीम उभं राहतं. वितळलेलं बटर नुसतं ढवळून या कणांत बसत नाही. पाऊण कप दूध आणि एक तृतीयांश कप बटर ही जोडी केकच्या मिश्रणात क्रीमची जागा घेते, सजावटीत नाही.

सजावटीसाठी क्रीम आणि मस्कारपोने चीज समान वजनाने घ्या. मस्कारपोनेत फॅट साधारण ४० टक्के असतं, त्यामुळे एकत्र केल्यावर ३० ची पातळी ओलांडली जाते. दोन्ही फ्रिजमधून थेट काढा, भांडंही गार करा. बीटरच्या रेषा मिश्रणावर टिकू लागल्या की लगेच थांबा, पुढे ते रवाळ होतं.

प्रश्न: कृतीत ३० ग्रॅम ताजं यीस्ट आहे. कोरडं किती घेऊ?

इन्स्टंट १० ग्रॅम, थेट पिठात. अ‍ॅक्टिव्ह ड्राय १२ ते १५ ग्रॅम, तेही आधी ४० अंशांच्या आसपासच्या कोमट पाण्यात १० मिनिटं भिजवून. वर फेस आला नाही तर ते यीस्ट पीठ मळायला घेऊ नका. पाणी ६० अंशांपर्यंत तापलेलं असेल तर यीस्ट तिथेच मेलेलं असतं.