पेटी सासूबाईंची, झोप सुनेची

"ताई, गेलेल्या माणसाची वस्तू घरात ठेवली तर ते माणूस त्यात अडकून राहतं का हो?"

फोन उचलल्या उचलल्या हा प्रश्न. बाईंना आपण वैशाली म्हणू. जळगावातच तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, आणि तीन आठवड्यांपासून धड झोप नाही.

मी समुपदेशन करते. वास्तुशास्त्र नंतर शिकले, कारण लोक मनातली गोष्ट सांगण्याआधी घराची दिशा सांगतात. वैशालीचा प्रश्न मला आपल्या खान्देशात वारंवार ऐकू येतो. गावोगाव धाब्याची घरं उतरवून स्लॅब पडतोय. धाब्याची माती खाली आली की लाकडं विकली जातात. हंडे, घंगाळ, जाती, पेट्या भावाभावांत वाटल्या जातात. पूर्वी यातलं निम्मं मोडीत जायचं, आता अँटिक म्हणून हॉलमध्ये येतं. काही जण तर भंगारवाल्याकडून दुसऱ्याच्या आजीचं घंगाळ विकत आणतात आणि मग रात्री मला फोन करतात.

वैशालीच्या सासरचं घर एरंडोलकडचं. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या, यंदा घर उतरवलं. तिचे मिस्टर टेम्पोत घालून तीन वस्तू घेऊन आले: सागवानी पेटी, पितळी घंगाळ आणि बंद पडलेलं लंबकाचं घड्याळ. पुढच्या महिन्यात मुलाला टायफॉईड झाला, मिस्टरांची बढती हुकली. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी निदान केलं की जुन्या वस्तूत जुनं दुःख असतं. (टायफॉईडचं कारण मी आधी पाण्याच्या टाकीत शोधते, पण ते असो.) एका जाणकाराने शुद्धीचे ५१ हजार सांगितले आणि तोवर सगळं मिठाच्या पाण्यात ठेवा म्हणाले.

मी घरी गेले तेव्हा मिठाचा प्रताप दारातूनच दिसला. घंगाळात रात्रभर खारं पाणी भरून ठेवलेलं, त्याच्या तळाला हिरवे डाग धरलेले. पेटी पुसूनही त्याच पाण्याने काढलेली. लाकूड फुगलं होतं आणि लोखंडी बिजागऱ्यांचा गंज ओघळून खाली आला होता.

मीठ नकारात्मकता ओढून घेतं असं सांगतात. ओढत असेल, पण ते आधी पितळ खातं आणि लोखंड गंजवतं. मनाला बरं वाटत असेल तर फरशी पुसायच्या पाण्यात चिमूटभर टाका. वस्तूला मीठ लावू नका. घंगाळ चिंचेच्या कोळाने घासायचं, लगेच दोन-तीन पाण्यांनी धुवायचं आणि तिथल्या तिथे कोरडं करायचं. आंबट राहिलं की पितळ पुन्हा काळं पडतं. ज्या भांड्याला आतून कल्हई आहे ते घासून लख्ख करण्याच्या भानगडीत पडू नये, कथलाचा थर निघून जातो. त्यात खायचं-प्यायचं असेल तर नव्याने कल्हई लावून घ्यावी, नाहीतर आंबट पदार्थ कळकतो. आपल्या आज्यांना हे सगळं पाठ होतं. त्यांनी त्याला शुद्धी हा शब्द वापरला नाही इतकंच.

पेटीला पाणी नकोच होतं. कोरडा ब्रश, मग घट्ट पिळलेलं फडकं. झाकण उघडं टाकून आठवडाभर वारा, पण सावलीत. एप्रिलच्या जळगावच्या उन्हात सागवानसुद्धा तडकतं. तळाशी बारीक भुसा पडतोय का, ठोकल्यावर पोकळ वाजतंय का, तेही पाहायचं. वाळवीची पेटी कुठल्याही दिशेला ठेवली तरी अशुभच. वास गेला की जवसाच्या तेलाचा पातळ हात आणि आत वाळलेला कडुनिंबाचा पाला. यानंतर धूप फिरवा, गोमूत्र शिंपडा, दिवा लावा. मी कधी नको म्हणत नाही. कानबाई देवी बसायच्या आधी आपण घर सारवतो, भांडी घासतो, तेव्हा हात चालू असतात आणि मनही हळूहळू जागेवर येतं. ते काम ५१ हजार देऊन दुसऱ्याकडून करून घेतलं तर निम्मा गुण तिथेच जातो.

जागेचं म्हणाल तर पेटी खरंच चुकीच्या ठिकाणी होती. ईशान्येला, देवघराला चिकटून, खिडकीचा निम्मा उजेड अडवून. वास्तूत ईशान्य हलकी, स्वच्छ, मोकळी ठेवायची आणि जड सामान दक्षिण-नैऋत्येला न्यायचं. घराच्या मधोमध ब्रह्मस्थान, तिथेही वजन नको. पेटी नैऋत्येच्या भिंतीला गेली. घंगाळ झाडांसाठी बाल्कनीत. घड्याळ बंद असेल तर भिंतीवर नको, असं वास्तूवाले सांगतात. मला ते पटतं, कारण बंद घड्याळाकडे पाहून माणूस रोज तोच विचार करतो. दुरुस्त करा किंवा पेटीत ठेवा. वराहमिहिरांच्या बृहत्संहितेत वास्तुविद्येवर अख्खा अध्याय आहे, मयमत हा ग्रंथ तर सगळा त्याच विषयावर. शुद्धीचं दरपत्रक मात्र मला दोन्हीकडे सापडलं नाही.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. गेल्या वर्षी चोपड्याकडच्या एकांना शेतात दगडी मूर्ती सापडली, तिला हॉलमध्ये कुठली दिशा द्यायची म्हणून विचारत होते. मी म्हटलं, दिशा तहसील कचेरीची. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते आणि शंभर वर्षांहून जुन्या मूर्तींना १९७२ चा पुरावशेष कायदा लागतो. अशा ठिकाणी वास्तूचा विचार दुसरा.

वैशालीकडे परत येते. पेटी सरकवून झाली, चहा झाला, तरी ती पेटीकडे पाठ करूनच बसली होती. मी विचारलं, "इथे आणल्यावर ही पहिल्यांदा कोणी उघडली?"

ती गप्प. मग म्हणाली, "कोणीच नाही. अक्कांना न विचारता कशी उघडणार?"

अक्का म्हणजे शिरपूरला दिलेली मोठी नणंद. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा त्यांचा व्हिडिओ कॉल आला होता. मागे पेटी दिसली आणि त्या एवढंच बोलल्या, "भाऊ, हाई मनी मायनी पेटी शे. माले इचारं बी नही?" मिस्टरांनी रेंजचं निमित्त करून फोन ठेवला. त्यानंतर बहीण-भावाचं बोलणं बंद. वैशालीला मधे पडायचा हक्क नव्हता आणि पेटी मात्र रोज तिच्या डोळ्यांसमोर.

"म्हणजे भीती सासूबाईंची की अक्कांची?"

ती हसली. नंतर बराच वेळ रडली.

तिला मी दोन कामं दिली. डॉक्टरांना दाखवायचं, कारण तीन आठवडे न झोपणं हे पेटी सरकवून बरं होईल असं धरून चालत नाही. आणि मिस्टरांना माझ्याकडे घेऊन यायचं. ते आले, हाताची घडी घालून बसले. "पेटीची किंमत दोन-पाच हजार नसेल, तिच्यावरून काय भांडायचं?" मी म्हटलं, तेवढीच असेल तर बहिणीला फोन करायला एवढं जड का जातंय? उत्तर आलं नाही. फोन त्यांनी आठवड्याने केला, तोही आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, निमित्त करून. आखाजीला पितरांची घागर भरायची असते आणि सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. आईचं घर तर आता उरलं नव्हतं, मग भावाच्या फ्लॅटवरच बोलावलं.

अक्का आल्या. जेवणं झाल्यावर त्यांनीच पेटी उघडली. आत जुनं लुगडं, उंदराने कुरतडलेलं पंचांग आणि अडकित्ता निघाला. सोनंनाणं काही नाही. अडकित्ता त्यांनी भावाला दिला, पेटी नेऊ का म्हणून सगळ्यांसमोर विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी ती टेम्पोने शिरपूरला गेली.

आठवड्याने वैशालीचा फोन. गोळीशिवाय झोप लागतेय म्हणाली. मग जरा घुटमळत, "ताई, पण आता नैऋत्य मोकळी पडली हो. तिथे काय ठेवू?"

मी म्हटलं, "लोखंडी कपाट सरकव. आणि सरकवायच्या आधी मिस्टरांना विचार."