गडगडलं की शेरू बाथरूममध्ये

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आमचा शेरू देशीच कुत्रा आहे, आठ वर्षांचा. आधी कसल्याच आवाजाला भ्यायचा नाही, दिवाळीत पण गेटपाशी निवांत पडून असायचा. पण गेली दोन वर्षं वळवाचा पाऊस आला की याचं सुरू होतं, आम्हाला काही ऐकू यायच्या आधीच धापा टाकतो, लाळ गळते, थरथरतो आणि बाथरूममध्ये कमोडच्या मागे जाऊन बसतो. मागच्या मे महिन्यात तर जाळीचं दार फाडून पळाला, सकाळी सापडला. सासूबाई म्हणतात जवळ घेऊ नकोस, लाडावतो. ओळखीच्या एकांनी झोपेची गोळी द्यायला सांगितलीये. देऊ का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : गोळी नका देऊ, त्याबद्दल पुढे सांगतो, पण आधी एक विचारतो, शेरू जिना चढताना थांबतो का? सकाळी उठताना अंग आखडल्यासारखं वाटतं का? सहा वर्षं दिवाळीला न घाबरलेलं कुत्रं अचानक ढगांना घाबरायला लागलं की मी आधी त्याचे पाय, कंबर आणि मान बघतो. दचकलं की स्नायू आखडतात, सांधा दुखरा असेल तर त्यात कळ जाते, आणि मग त्याच्या डोक्यात आवाज आणि कळ यांची गाठ बसते ती बसतेच. ब्रिटन आणि ब्राझीलच्या संशोधकांचा यावरचा एक अभ्यास २०१८ मध्ये आलाय, त्यातही दुखणं असलेल्या कुत्र्यांची ही भीती उशिरा, वाढत्या वयात सुरू झालेली दिसली. म्हणून पहिलं काम तपासणी. दुखणं निघालं आणि त्यावर उपचार झाले तर भीतीही बऱ्याचदा उतरते.

आता सासूबाई. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि शेरूला बिनधास्त जवळ घ्या. भीती ही काही मुद्दाम केलेली खोडी नाही, की लाड केले म्हणून वाढेल. तो येऊन चिकटला तर हात फिरवा, नाही आला तर मागे लागू नका. ओरडायचं मात्र नाही आणि कमोडमागून ओढून तर अजिबात काढायचं नाही, ती जागा त्याने स्वतः शोधलीये ना, मग तिथेच जुनी चादर टाका, खिडकी लावा, लाइट चालू ठेवा म्हणजे विजेचा लखलखाट कमी जाणवेल, बाहेर टीव्ही किंवा पंखा मोठा करा. बाथरूमचं दार उघडंच ठेवा, कोंडलं तर तो दारावर नखं आणि दात मोडून घेईल. उकडलेलं चिकन किंवा पनीर खात असेल तर प्रत्येक गडगडाटाला एक तुकडा. खातच नसेल तर समजा भीती फार वरच्या पातळीला गेलीये, तिथे औषधाशिवाय भागत नाही.

औषध म्हणजे ओळखीच्यांनी सांगितलेली गोळी नव्हे हो. माणसाच्या गोळीचा डोस कुत्र्याला अंदाजाने देणं जिवावर बेतू शकतं. शिवाय एसप्रोमाझिनसारखी जुनी गुंगीची औषधं अंग ढिलं पाडतात पण भीती आत तशीच राहते, म्हणजे बिचाऱ्याला कळतंय सगळं आणि पळता येत नाही! ट्रॅझोडोन, गॅबापेंटिन, अल्प्राझोलाम यातलं काही द्यायचं का ते तुमचे व्हेट, म्हणजे जनावरांचे डॉक्टर, वजन आणि लिव्हर-किडनी बघून ठरवतील. पहिला डोस कोरड्या दिवशी, घरात कोणी असताना देऊन बघा, कारण काही कुत्री उलट जास्त बेचैन होतात.

ही औषधं वादळाच्या आधी पोटात जावी लागतात, कडकडाट सुरू झाल्यावर दिली तर फार उपयोग नाही. त्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप फोनवर घ्या, २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात वीज पडत असेल तर ते कळवतं. आणि शेरूची धाप हा दुसरा अलार्म आहेच, तो फुकटचा.

आवाजाची सवय लावायचं काम हिवाळ्यात करा. आपल्याकडे गडगडाट जास्त तो एप्रिल-मेमध्ये आणि परतीच्या पावसात, म्हणून डिसेंबर-जानेवारी सगळ्यात बरे. गडगडाटाचं रेकॉर्डिंग इतकं हळू लावा की त्याने कानही टवकारू नयेत, सोबत खाऊ, पाच मिनिटं, बंद. आवाज काही दिवसांनी किंचित वाढवायचा, तो ओठ चाटायला किंवा जांभया द्यायला लागला, म्हणजे ताण आला, की परत कमी. रेकॉर्डिंगमध्ये वारा नसतो, वीज चमकत नाही, त्यामुळे खऱ्या वादळात शंभर टक्के फरक पडेल असं समजू नका, पण पडतो.

आणि ते जाळीचं दार! ढग भरून आले की आतलं लाकडी दार लावून घ्या. साखळीने बांधू नका, घाबरलेलं कुत्रं स्वतःलाच फास लावून घेतं. पट्ट्यावर तुमचा फोन नंबर हवाच, जमलं तर कातडीखाली बसवतात ती ओळखीची मायक्रोचिप पण बसवून घ्या.

व्हेटकडे जाताना दोन व्हिडिओ न्या, एक गडगडाटातला आणि एक जिना चढतानाचा. क्लिनिकमध्ये शेरू शहाण्यासारखा बसेल आणि त्यांना यातलं काहीच दिसणार नाही.