(2021, कोरोनाचं वर्ष) बारावीची बोर्डाची परीक्षा रद्द झाली, मुलगी नुसती चिडायलीय, काय करावं?

ताई, माझा पुतण्या पण यंदा बारावीलाच आहे, लातूरहून रूम सोडून गावी आलाय, त्यामुळं तुमचं दुखणं कळतंय. वर्षभर घासलेलं लेकरू आहे, पेपरच नाही म्हटल्यावर चिडणारच, तिला चिडू द्या.

आता मार्क 30:30:40 नं लागणारेत, म्हणजे दहावीच्या बेस्ट तीन विषयांचे 30 टक्के, अकरावीचे 30, बारावीच्या अंतर्गत मार्कांचे 40. यात तिच्या हातात काही राहिलं नाही, म्हणून "किती पडतील गं" हे विचारणं पहिलं बंद करा. इंजिनिअरिंगला सीईटी आणि मेडिकलला 'नीट' ह्या प्रवेश परीक्षांचे मार्क बघतात, 'नीट' 12 सप्टेंबर 2021 ला आहे, तिला तेवढंच करू द्या.

बाकीची पळापळ तुमची. डोमिसाइल, नॉन क्रिमिलेयर, जात पडताळणी, जे दाखले लागतात ते आत्ताच काढायला टाका, पडताळणीला तर महिने जातात आणि अ‍ॅडमिशनच्या टायमाला दाखले काढायच्या सेतू केंद्रावर नुसती गर्दी. अभ्यासाच्या जागेचं म्हणाल तर आमच्याकडं घरात मोबाइलला रेंज नाही, पोरगं माळवदावर (घराच्या छतावर) बसून ऑनलाइन लेक्चर बघायचं, शेवटी भावानं त्याला रोज सकाळी आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोपीवर, न्यायला सुरू केलं, तिथं रेंजपण आहे अन् घरातली कटकट नाही. आणि घरात कुणी कोरोनानं गेलं असेल तर आधी तिच्याजवळ बसा, अभ्यासाचं नंतर.