टाइप हिंट लिहिले, मायपाय हिरवा, तरी चुका का निसटतात?

तुमचे प्रश्न दोन आहेत. फंक्शनच्या पॅरामीटरपुढे इंट (पूर्णांक) असा टाइप हिंट लिहूनही स्ट्रिंग (मजकूर) दिली तर पायथन निमूट चालवून घेतो, मग हिंट लिहायचे कशाला? आणि जुन्या प्रोजेक्टवर मायपाय (हिंटनुसार कोड तपासणारं साधन) चालवला तर एकही एरर नाही, म्हणजे कोड ठीक समजायचा का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. पायथन चालताना हिंट तपासत नाही, आणि ते मुद्दाम तसं ठेवलंय. २०१५ मध्ये पायथन ३.५ बरोबर हे आलं तेव्हाच पेप ४८४ या अधिकृत प्रस्तावात लिहून ठेवलं होतं की भाषा डायनॅमिकच राहील (टाइप चालतानाच ठरतील), हिंट सक्तीचे करायचे नाहीत. तपासणी करायची मायपायनं किंवा पायराइट या तशाच साधनानं, कोड चालवण्याआधी.

दुसऱ्याचं उत्तर: नाही, अजिबात समजू नका. ज्या फंक्शनला एकही हिंट नाही, त्याच्या आत मायपाय डीफॉल्टनं डोकावतच नाही. जुन्या कोडमध्ये बहुतेक फंक्शन्स तशीच असतात, म्हणून सगळं हिरवं दिसतं. आधी चेक-अनटाइप्ड-डेफ्स हा पर्याय चालू करा, मग खरं चित्र दिसेल.

त्याहून मोठी गळती म्हणजे एनी, म्हणजे 'काहीही असू शकतं' असा टाइप. जेसन मजकुरातून डेटा वाचणाऱ्या जेसन लोड्स या फंक्शनचा रिटर्न टाइप एनी आहे, आणि एनी कुठल्याही टाइपला चालतो. समजा ऑर्डरच्या डेटामधून नग काढताना तुम्ही व्हेरिएबलपुढे इंट लिहिलं. मायपाय मान्य करतो, पण आत "३" ही स्ट्रिंग आली असेल तर ती स्ट्रिंगच राहते आणि पुढे बेरजेत प्रोग्रॅम कोसळतो. हिंटनं रूपांतर होत नाही. म्हणून बाहेरचा डेटा जिथे आत येतो तिथेच तो तपासून डेटाक्लासमध्ये (ठरावीक फील्ड्सचा क्लास) भरा, किंवा पायडँटिक ही लायब्ररी वापरा. ती प्रोग्रॅम चालताना डेटा तपासते. एवढी एक जागा नीट केली की आतल्या हिंटवर भरवसा ठेवता येतो.

सगळ्यात जास्त फायदा मला नन ('किंमतच नाही' असं सांगणारी व्हॅल्यू) पकडण्यात दिसतो. डिक्शनरीत ती नोंद नसेल तर गेट नन देतो. म्हणून डिक्शनरीला हिंट असेल आणि गेटनं काढलेली सवलत थेट वजा केलीत, तर मायपाय तिथेच अडवतो. असे बग टेस्टमध्ये हमखास नजरेतून निसटतात.

सगळा प्रोजेक्ट एकदम स्ट्रिक्ट करायला जाऊ नका, टीम वैतागते आणि जागोजागी टाइप इग्नोर ('ही ओळ तपासू नको' अशी कॉमेंट) चिकटवते. कडक नियम मॉड्यूलनिहाय लावता येतात. नवीन फाइल्स आणि पैशांचा हिशोब करणारं मॉड्यूल आधी घ्या. एखाद्या ओळीबद्दल शंका असेल तर तिथे रिव्हील टाइप (मायपायला कोणता टाइप दिसतो ते विचारणारी ओळ) टाकून मायपाय चालवा. उत्तर एनी आलं, तर त्या व्हॅल्यूची तपासणी होतच नाहीये.